जमनामावशी आणि कासवाची कंपनी

जमनामावशी टीव्हीतल्या माशांच्या चुका काढायची. गिऱ्हाइकांशी सगळ्याच मासळीवाल्या भांडतात, पण पडद्यावर काढलेल्या पापलेटाशी भांडणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

“अरे, पापलेटाला पोटाखाली पर कुठून आले?” ती टीव्हीकडे बोट रोखून विचारायची. “हा काढणारा कोण हाय? घाटावरचा दिसतो मेला.”

मीही घाटावरचीच, साताऱ्याकडची. मी काही बोलत नसे. एरवीही मी फारसं कुणाशी बोलत नसे.

लग्न होऊन मी बोईसरला आले, तेव्हा ह्यांची नोकरी तारापूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात होती. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, आणि दुसरा माणूस आला नाही की रविवारचीसुद्धा. चाळीत आमच्या दोन खोल्या. मूलबाळ नव्हतं. शेजारणींचं बोलणं निम्मं कळायचं, उरलेल्या निम्म्याला मी हसून मान हलवायची.

मावशी सातपाटीहून सुके बोंबील, वाकट्या, जवळा घेऊन दारोदार फिरायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी दाराआडूनच “नको” म्हटलं. माझं गाव तिला शेजारणींकडून आधीच कळलं होतं.

“नको तं नको. पाणी तरी दे. का पाणी पण साताऱ्याहून आणतेस?”

मी पाणी दिलं. ती उंबऱ्यावर बसून प्यायली. तो रविवार होता आणि आमच्या लहानशा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर कासवाची एक कार्टून मालिका नुकतीच लागली होती. पाणी संपलं तरी मावशी उठेना. तांब्या हातात तसाच. मालिका संपल्यावर तिनं विचारलं, “ह्याचं घर कुठं हाय?”

“समुद्रात.”

“आणि हा डोंगरात काय करतो?”

मालिका मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं काढलेली होती. सगळी चित्रं हाताची. गोमू नावाचं एक कासव. लहान असताना त्याला कुणी तरी टोपलीत घालून दूर डोंगरात नेऊन सोडतं, आणि ते चालत चालत समुद्राकडे निघतं. वाटेत दर आठवड्याला एक गाव लागतं, तिथं कुणाचं तरी अडलेलं काम ते करून देतं आणि पुढे जातं. रात्री त्याच्या स्वप्नात समुद्र यायचा. त्या स्वप्नातल्या माशांवरूनच मावशीचं सगळं भांडण.

पुढच्या रविवारी मावशीनं टोपली बाहेर ठेवली, पाय धुतले आणि विचारल्याशिवाय टीव्हीसमोर येऊन बसली. मग दीड वर्षात एकच रविवार चुकला, मी आजारी होते तेव्हा.

“आमच्या घरात गलका असतो, बाय,” ती सांगायची. “सुना, नातवंडं, येणारंजाणारं. टीव्हीतलं एक अक्षर ऐकू येत नाय. म्हणून तुझ्याकडे येते. नायतर मला कुठं वेळ हाय?”

मालिका चालू असताना कुणी बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. तो तिला लागू नव्हता. “डावीकडे जा रे, डावीकडे!” ती ओरडायची. कासव उजवीकडे गेलं की कपाळावर हात मारून घ्यायची. “ऐकत नाय. थोरल्या पोरासारखाच हाय.”

गोमूला कुठल्या डोंगरात सोडलंय हे कंपनीनं कधीच सांगितलं नव्हतं. मावशीनं ते ठरवून टाकलं होतं: जव्हारला. म्हणजे जव्हारचा घाट उतरून, मनोरवरून पालघर आणि तिथून सातपाटी. दुसरा रस्ताच नाही. दर रविवारी मालिका संपली की ती गोमू कुठवर आला ते सांगायची. पडद्यावर नदी दिसली की मनोर आलं. चाळीतले मिश्राजी कापडाच्या गिरणीत कामाला होते. तेही दारात उभे राहून बघायचे आणि जाताना मुद्दाम विचारायचे, “मौसी, आज कहाँ तक पहुँचा?”

“मस्तान नाक्याला हाय,” मावशी गंभीरपणे सांगायची. “ट्रकांची वर्दळ हाय तिथं. जपून जायला पाहिजे.”

एकदा तिनं माझ्यासमोर पोस्टकार्ड टाकलं. “चौथी शिकलीस ना? मग लिव.”

“कुणाला?”

“कंपनीला. चूक हाय ती सांगायला नको?”

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ते पत्र मला अजून पाठ आहे. “महाशय, पापलेटाला पोटाखाली पर नसतात. खात्री करायची असल्यास सातपाटीला यावे. बोंबलाचे तोंड मोठे असते, तुम्ही लहान काढता. कासव बरे आहे.” खाली तिचं नाव आणि आमच्या खोलीचा पत्ता. मला वाटलं, कोण उत्तर देतंय! पण तीन आठवड्यांनी कार्ड आलं. “आपली सूचना मिळाली. यापुढे काळजी घेऊ. आभारी आहोत. चित्र विभाग.”

“कुठच्या गावचा हा चित्रविभाग?” मावशीनं विचारलं. मी समजावून सांगितलं, की ते माणसाचं नाव नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अक्षर चांगलं हाय चित्रविभागाचं.”

दोन महिन्यांनी गोमूच्या स्वप्नातून एक पापलेट पोहत गेलं. पोटाखालून सपाट, एकही पर नाही. मावशी उभी राहिली. माझा हात धरून तिनं इतका दाबला, की बांगडी रुतली. त्या दिवशी बोईसरच्या बाजारात तिनं सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं, की मुंबईची कंपनी तिला विचारून मासे काढते. त्यानंतर दर महिन्याला एक कार्ड जायचंच. नांगराचा दोर चुकलाय. भरतीच्या वेळी किनारा एवढा रुंद दिसत नाही. वाकटी अशी फुगीर नसते, ती तुमच्या मुंबईच्या माणसांसारखी सपाट असते.

आणि एका रविवारी मालिका लागलीच नाही. तिच्या जागी एक डॉक्टर बसून दातांची निगा कशी राखावी ते सांगत होते. मावशी शेवटपर्यंत बसून राहिली. “दातांचं झालं की येईल,” म्हणाली. पुढच्या रविवारीही दात.

ह्यांनी पेपरात वाचलं. परदेशी कार्टून स्वस्तात मिळायला लागली, हातानं चित्रं काढणं परवडेना. कंपनीचं दिवाळं निघालं. टाळं लागणार. मालिका अर्धवट राहिली.

चाळीत एकदम सुतकच आलं म्हणा ना. मिश्राजी म्हणाले, “अब संडे को क्या देखेंगे, भाभी? दीवार?” शेजारच्या गावडेवहिनींची मुलं दोन दिवस रडली, आणि वहिनी म्हणाल्या, “बरं झालं मेलं. आता वेळेवर आंघोळी तरी होतील.” पण त्याच वहिनी संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन विचारून गेल्या, “कासव पोचायचंच राहिलं का हो?” कारखान्यात कुणी तरी सरकारला अर्ज करू म्हणत होतं. सगळ्यांना कासवाची काळजी.

मावशीनं मात्र ह्यांना वेगळंच विचारलं. “टाळं लागलं म्हंजे माणसं घरी बसली?”

“बसलीच की.”

“मग त्यांना वाटा कोण देतं?”

“कसला वाटा?”

मावशीला ह्यांच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. तिनं सांगितलं, त्यांच्या आळीत कुणाची होडी फुटली, की बाकीच्या होड्यांवरून त्या घरी मासळीचा वाटा जातो. नवी होडी होईपर्यंत. त्या घरानं मागायचं नाही आणि देणाऱ्यानं हाक मारायची नाही. दारात ठेवायचं आणि निघायचं.

“अहो, ही मुंबई आहे,” हे म्हणाले. “तिथं असं नसतं.”

“मुंबईची माणसं जेवत नाय काय?”

गुरुवारी ती आली तेव्हा डोक्यावर भलं मोठं गाठोडं. निवडक सुके बोंबील, वर सोड्यांची, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीची पुडी. हे म्हणाले, “मावशी, लोक हसतील.” ती म्हणाली, “हसू दे. हसून जेवतील.” मुंबईच्या बाजारात सुकी मासळी घेऊन ती वर्षानुवर्षं जात होती, तिला कुणी वाट दाखवायची गरज नव्हती. माझ्याकडून तिनं पत्ता तेवढा मोठ्या अक्षरात लिहून घेतला.

परत येऊन तिनं सगळं सांगितलं. तीन जिने. दार उघडंच. आत रिकामी टेबलं, आणि एक चष्म्याचा माणूस कागदांचे गठ्ठे बांधत बसलेला. हिनं ठरल्याप्रमाणे गाठोडं दारात ठेवलं आणि निघाली, पण वास लपतो थोडाच! तो धावत जिन्यापर्यंत आला. हिनं नाव सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे पापलेटवाल्या?”

“चित्रविभाग तो!” मावशी म्हणाली. “आणि सांगू काय, बाय? तो मासेच खात नाय! जन्मात कधी पापलेट हातात धरलं नाय त्यानं. मग पर कसे कळणार? उगाच शिव्या घातल्या मी.”

“बोंबील घेतले?”

“घेतले तर! दोन्ही हातांनी घेतले.”

“आणि कासवाचं काय झालं, ते विचारलंस?”

“त्याचे डोळे भरले होते. मी कासवाचं कुठं विचारू?”

त्यानंतर मावशी रविवारी आली नाही. पुढच्याही नाही. मी पाय धुवायला पाणी भरून ठेवायची आणि दुपारी झाडांना घालायची. मला वाटायचं, बोलवावं. पण बोलवायचं कशासाठी? टीव्हीवर दात होते. ‘तू नसलीस की मला करमत नाही’ असं मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

महिन्याभरानं आमच्या पत्त्यावर जमनामावशीच्या नावानं पाकीट आलं. अक्षर चित्र विभागाचं. पत्र पोचवायला हवं, एवढं एक निमित्त मला पुरलं. मी बोईसरहून एकटी कुठं गेले नव्हते. पालघरला उतरून सातपाटीची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. कुणालाही नाव सांगितलं की बोट दाखवत होते.

घर चांगलं सिमेंटचं, रंग दिलेलं. मी गलक्याची वाट बघत ओटीवर उभी राहिले. आतून आवाजच येईना. हाक मारली तर मावशी एकटीच बाहेर आली. मला बघून ती इतकी गडबडली, की आत ये म्हणायचीही विसरली.

आत सगळं झाडूनपुसून ठेवलेलं. भिंतीला चार खुर्च्या, कुणी न बसलेल्या दिसत होत्या. आणि मधोमध भला मोठा रंगीत टीव्ही, फुलाफुलांच्या कापडाखाली.

मी टीव्हीकडे बघितलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं.

“पोरांनी घेऊन दिला,” ती म्हणाली. “दोघं वसईला असतात, बोटी तिकडेच लावतात. शिमग्याला येतात सगळी. गलका असतो तेव्हा. खोटं नाय सांगितलं.”

“मग गोमू इथं नाही बघितलास कधी?”

“एकदा बघितला. तुझी तब्येत बरी नव्हती म्हणून मी आले नाय, तेव्हा लावला इथं. हिरवा काढलाय मेल्यांनी, पोपटासारखा.” ती कापडाची घडी सारखी करत राहिली. “एकटीनं हसायला येत नाय, बाय.”

मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. चित्र विभागातल्या त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, की बोंबील त्यांनी स्वतः खाल्ले नाहीत, पण अकरा जणांच्या घरी ते वाटले. पुढे होतं: “कंपनी बंद झाल्यावर पुष्कळ पत्रं आली. सगळ्यांनी कासवाचं काय झालं ते विचारलं. आम्ही जेवलो का, हे बघायला तुम्ही एकट्याच आलात. कासव समुद्राला मिळणार होतं. ती चित्रं काढायची राहून गेली.”

मावशीनं डोळे पुसले आणि नाक ओढलं. “ते मला ठावंच होतं. पालघरवरून दुसरीकडे जातो कुठं?”

तिनं मला भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी हळूहळू जेवले. निघताना ती फाट्यापर्यंत आली आणि एसटी दिसल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आयतवारी येशील काय?”

“काय बघायला?”

“लागेल काय तरी. दात बघू.”

मी गेले. ह्यांना पाळी होतीच. आळीतल्या बायका ओटीवर जाळी विणत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून मावशीला विचारलं, “ही कोण गो?”

“बोईसरची हाय,” मावशी मोठ्यानं म्हणाली. “टीव्ही बिघडलाय हिचा. घरात एकटीच असते बिचारी, म्हणून येते माझ्याकडे.”

आमचा टीव्ही चांगला चालत होता. मी मान हलवली आणि चपला काढून आत गेले.