तिसरी शक्यता

जॉर्जियात डॉक्टरकी शिकून आलेल्या अनुयाला चाकणच्या रुग्णालयात आपलाच देश परका वाटत होता. तिकडे पेशंट एकटा यायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. इकडे तिनं अर्जुनरावांना विचारलं, "कुठं दुखतंय?" तर बायको गोजाबाई म्हणाल्या, "छातीत." मुलगा रणजीत म्हणाला, "पाठीत." अर्जुनराव म्हणाले, "ही दोघं सांगतील ते."

मुख्य डॉक्टर हरिहरांनी सकाळीच बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली, तर इंटर्नशिपला दुसरं रुग्णालय बघा." म्हणून तिनं सगळं शिकवल्याबरहुकूम करायचं ठरवलं. पेशंटपासून काही लपवायचं नाही, हा तिथला पहिला धडा. ईसीजी काढून ती म्हणाली, "हा ठीक दिसतोय. अपचन असेल, नाहीतर स्नायू दुखावला असेल. तिसरी शक्यता हृदयाची, पण अगदी कमी. रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या."

पहिल्या दोन शक्यता गोजाबाईंनी ऐकल्याच नाहीत. रणजीत फोन घेऊन बाहेर धावला. बातमी त्यांच्या गावी, कुरुळीला पोचेपर्यंत त्यातलं 'कमी' वाटेत गळून पडलं होतं. थोड्याच वेळात टेम्पो भरून भावकी आली. काहीजण पांढरे कपडे घालून, तयारीनंच आले होते.

"अर्जुनआबा हायेत का गेले?" एकानं वॉचमनला हळूच विचारलं.

"आत चहा मागतायत."

हरिहर तणतणत खाली आले. "डॉक्टर, ही जत्रा कुणी भरवली?"

अनुयाचं लक्षच नव्हतं. अर्जुनरावांचे धाकटे भाऊ लक्ष्मणराव कठड्याला टेकून उभे होते. सदरा घामानं भिजलेला, एक हात जबड्यावर.

"काका, काय होतंय?"

"मला कायबी न्हाई. दाढ ठणकतीया. आमी भावाला बघाया आलोय."

"मोसंबी खाल्ली की ठणकतीयाच त्यांची दाढ," भावकीतून कुणी बोललं.

"आता फक्त काका बोलतील," अनुया म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. भावकी दोन पावलं मागं सरली.

तिनं लक्ष्मणरावांना धरून आत नेलं. ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसताच हरिहर स्वतःच स्ट्रेचर ढकलत पळाले.

संध्याकाळी लक्ष्मणरावांचा धोका टळला. "घरी असते तर दाढेला लवंग लावून बसले असते," हरिहर म्हणाले. "तुमची नजर चांगली आहे. पण तक्रार आलीच आहे."

अनुयाचा चेहरा उतरला. "कुणाची?"

"अर्जुनरावांची. त्यांचं अपचनच निघालं, तरी आजची रात्र ठेवून घेतलंय. म्हणतात, टेम्पो माझ्यासाठी आला आणि सगळे लक्ष्मणच्या दाराशी. मला एकानंबी विचारलं न्हाई." हरिहरांनी चष्मा पुसला. "उद्या सकाळी आल्या आल्या आधी त्यांना विचारा, कुठं दुखतंय."