बिनपिशवीचे अप्पा

सिद्रामप्पा बाजाराला पिशवी नेत नाहीत. मुरुमच्या आठवडी बाजारात सगळा गाव पिशव्या घेऊन हिंडत असतो आणि त्या गर्दीत एक उंच, वाळका माणूस पाण्याचा वीस लिटरचा पारदर्शक जार हातात धरून चाललेला असतो. जारचा गळा कापलेला, त्याला दोरीची मूठ बांधलेली. तळाला कांदे, त्यावर वांगी, सगळ्यात वर मेथी. अप्पांकडं आज काय शिजणार हे आमच्या गल्लीला त्यांच्या शेगडीच्या आधी कळतं.

"पिशवी म्हंजे लपवाछपवी, सर," ते मला पहिल्याच ओळखीत म्हणाले होते. "आत काय हाय ते भायेरनं दिसाया पायजे. दिसलं की माणूस नीट वागतं."

अशा या माणसापासून मी आणि माझ्या बायकोनं पाच महिने एक गोष्ट लपवली. सांगताना मान वर होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मी इथल्या शाळेत शिकवतो. अप्पा आमचे शेजारी, दोन घरांत मिळून एकच भिंत. आयुष्यभर डाळ मिलमध्ये फिटर म्हणून राबले आणि मग घरी बसले. बसले म्हणजे नुसतं म्हणायला. गल्लीत कुठंही मोटर कुरकुरली की अप्पा त्या दारात उभे. कुणी बोलावलेलं नसतं. मिक्सरवर चटणी वाटणाऱ्या बाईला दारातूनच सांगतात, "बेअरिंग चाललंय," आणि बाई मिक्सर बंद करून पदर सावरते. आमच्याकडं आले की आधी फ्रिजवर तळहात ठेवायचा, त्याची खुशाली कळली की मग आम्हाला नमस्कार.

त्यांची आणखी एक गंमत म्हणजे ते माणसांशी मराठीत बोलतात आणि यंत्रांशी कानडीत. मोटर चालू होईना झाली की "बा, बा" म्हणून तिला लाडानं बोलावतात, सुरू झाली की "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे म्हणून शांत करतात. मला ते ऐकून फार हसू यायचं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आमची मंडळी आळंदच्या बाजूची. घरात कानडीच चालायची. आता ती न्हाय, तर बोलायचं कुणासंगं?" चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगी हैदराबादेत. मी त्यावर काहीतरी सांत्वनाचं बोललो असेन, आता आठवत नाही.

तर यंत्राची गोष्ट. पुण्याच्या माझ्या मेव्हण्यानं घर बदलताना त्याचा जुना व्हॅक्यूम क्लीनर आम्हाला दिला. त्यात कागदी पिशवी लागायची. ती भरली की फेकायची आणि नवी घालायची. नव्या पिशव्या मुरुमात काय, उमरग्यातही मिळेनात. मग मी भरलेली पिशवी खालून कापायचो, झटकायचो आणि स्टेपलर मारून पुन्हा घालायचो. दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी आतल्या आत फाटली आणि यंत्रानं पोटातली सगळी धूळ मागच्या जाळीतून माझ्या अंगावर सोडली. डोळे उघडले तर दारात अप्पा. माझ्या पांढऱ्या भुवयांकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. यंत्रावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बिचाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलाय तुमी."

पुढचा अर्धा तास ते उकिडवे बसून मला समजावत होते. "मिलमधी रोज ढिगानं भुसा उडतो. तितं कोण पिशव्या लावत बसतंय? सायक्लोन असतो. हवा गोल गोल फिरवायची. भुसा जड, तो कडंला जातो आन् खाली पडतो. हवा हलकी, ती मधनं वर जाती. हवेला वाट द्या, कचरा आपणहून खाली बसतो." हे शेवटचं वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तीन आठवडे काम चाललं. आधी त्यांनी किराणा दुकानातली गोळ्या-बिस्किटांची मोठी बरणी आणली. यंत्र सुरू केल्याबरोबर बरणीनं पोट आत घेतलं आणि कड्कन चिरली. मग त्यांनी स्वतःचा बाजाराचा जार आणला. त्यावर प्लायवूडचं गोल झाकण, झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब, म्हणजे हवा शिरायला नको. झाकणात दोन भोकं. कडेच्या भोकात वाकडा पीव्हीसी एल्बो, त्यातून कचरा आत येणार. मधल्या भोकातून दुसरा पाइप यंत्राकडं. यंत्रात पिशवीच्या जागी मोटरच्या तोंडावर एक कापडाची चकती, राहिलीसाहिली बारीक धूळ अडवायला. दुसरा जार मिळेपर्यंत अप्पांनी भाजी पितळेच्या डब्यातून आणली आणि गल्लीला त्यांचा बेत कळला नाही.

चालू केलं तेव्हा मात्र आम्ही दोघं बघतच राहिलो. धूळ जारात शिरली, कडेकडेनं गोल फिरली आणि खाली बसली. बायको म्हणाली, "अय्या, दिसतंय की सगळं." अप्पा जारला "बा, बा" म्हणत होते. मोबदला म्हणून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला अप्पा तपासणीला येऊ लागले. जारपाशी जमिनीवर मांडी घालून बसायचं, झाकण उघडायचं, आतला कचरा निरखायचा. मळलेली चकती काढून खिशात घालायची, धुतलेली लावायची. मग चहा. मग इकडचं तिकडचं, म्हणजे मिलमधलं. अकराला उठायचं. खुर्चीवर ते कधी बसले नाहीत.

माघात माझी मेव्हणी सोलापूरहून आली. बायको तिच्यासमोर जार ओढत, दोन पाइपांत अडखळत झाडत होती. आत केस आणि पाल्याचा चुरा गरगर फिरत होता. मेव्हणी म्हणाली, "शी, हे काय गं हॉलमध्ये?" बायकोचा चेहरा उतरला. मी अप्पांच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. आठ दिवसांत घरी बिनवायरची, हातात धरायची नवी मशीन आली. तीही बिनपिशवीचीच.

आता हे अप्पांना सांगायचं कसं? मी पडलो भिडस्त. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी अप्पा धुतलेली चकती घेऊन आले आणि माझी जीभ उचलली नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी. अशानं आम्ही ज्या थराला गेलो ते लिहायची लाज वाटते. एम. ए., बी. एड. झालेला माणूस दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या घरातला केर सुपलीत भरून जारमध्ये ओतायला लागला. बायको पावडरच्या जुन्या पफनं चकतीवर बारीक धूळ थापायची. "थोडे केस टाका," ती म्हणायची, "खरं वाटेल." नवी मशीन इतकी छान ओढायची की पुढं पुढं घरात केरच पुरेना. एकदा मी नववीच्या वर्गातला केर आणला, तोही पिशवीत घालून, अप्पांच्या दारावरून.

अप्पा जारात बघायचे आणि म्हणायचे, "लई ओढलं की या आठवड्यात."

"व्हय, लई," मी म्हणायचो. ते गेले की आम्ही स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसायचो. हो, हसायचो. ते लिहिलं नाही तर ही कबुली अर्धीच राहील.

एका शनिवारी आम्ही विसरलो. रविवारी दहाला पाच मिनिटं असताना बायकोला आठवलं. मी धावत मागच्या अंगणात गेलो, जे हाताला लागलं ते सुपलीत घेतलं, जारमध्ये ओतलं आणि झाकण लावलं. अप्पा आले. बसले. झाकण उघडलं. आत हात घालून त्यांनी नारळाच्या करवंटीचा तुकडा बाहेर काढला.

तो त्यांनी पाइपाच्या तोंडाला लावून पाहिला. आडवा लावला, उभा लावला. जाईना. बायको चहाचा कप घेऊन दारात तशीच उभी.

"येवढं पायपातनं येत न्हाय, सर," ते म्हणाले आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी म्हणालो, "अप्पा, चुकलं."

"यंत्राचा कचरा कडंनं गोल बसतो. ह्यो ढिगानं पडलेला असतोय. पयल्याच रविवारी कळलं हुतं." ते जारकडंच बघत होते. "आन् तुमची नवी मशीन भिंतीतनं ऐकू येती की. मोटर चांगली हाय तिची. गुळगुळीत चालती."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गल्लीत कुठली मोटर वाजली की धावत येणारा हा माणूस, नवी मशीन पहिल्यांदा वाजली त्या दिवशी आला नव्हता. भिंतीपलीकडं ऐकत बसला होता. आणि त्यानंतर पाच महिने आमच्या हातानं भरलेला केर बघून "लई ओढलं" म्हणत होता.

"मग बोलला का नाहीत?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"बोललो असतो तर यायचं काय कारण राह्यलं असतं, ताई?" अप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. "मिल सुटल्यापासनं सगळं वार सारखंच. तुमच्याकडं यायचं असतंय म्हणून रविवार कळतो."

चहा न घेता ते गेले. जाताना चकती मात्र सवयीनं काढून खिशात घातली, मळलेली नसतानाही.

तो आठवडा आम्ही नवी मशीन लावली नाही. भिंतीपलीकडं ऐकू जाईल ही आता निराळीच लाज होती. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पुढच्या रविवारी बायकोनं दहाला तीन कप चहा टाकला. साडेदहा झाले. अकरा झाले. चहावर साय धरली.

मग मी नवी मशीन उचलली आणि त्यांच्याकडं गेलो. अप्पा बाजेवर बसले होते, काही न करता. त्यांच्या मागं भिंतीला दोरी बांधली होती आणि दोरीवर आमच्या यंत्राच्या चकत्या वाळत होत्या. एकसारख्या गोल कापलेल्या, कडेनं हातशिलाई घातलेल्या. मी मोजल्या नाहीत. पण आम्हाला कितीतरी वर्षं पुरल्या असत्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"ओढत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मशीन हातात घेतली, तळहातानं चाचपली आणि खटका दाबला. मशीन गुळगुळीत चालली. त्यांच्या धोतराचा सोगा तिनं सपकन ओढून घेतला. अप्पांनी खटका बंद केला, सोगा सोडवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. पुन्हा खोटं बोललो होतो आणि या खेपेला ते झाकायला काही नव्हतं.

मग मशीन बाजेवर आपल्या शेजारी ठेवत म्हणाले, "लई बिघडलंय, सर. एका रविवारात हुयाचं न्हाय हे."