कॉय हॅचरचा अंगठा

"रायफलीतलं माझ्याहून जास्त कळणारा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मायचाय!" असं न्याहारीच्या टेबलावर जाहीर करून डेल्बर्ट हॅचरने पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर भरपूर ग्रेव्ही ओतली.

असा माणूस जन्मून, वाढून, टक्कल पडून त्याच टेबलावर समोर बसला होता आणि डेल्बर्टचीच बिस्किटं खात होता. तो म्हणजे त्याचा मेहुणा लायल. लायलने सैन्यात काही वर्षं काढली होती. डेल्बर्टने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती.

"दाजी, तुम्हाला बसचा गिअर कळतो," लायल म्हणाला. "आणि तोही कधीकधी!"

"माझ्या रक्तात आहे ते! कॉय हॅचरचा मुलगा आहे मी!"

इथे लायल गप्प बसला. पाइन फोर्कमध्ये कॉय हॅचरचं नाव निघालं की सगळेच गप्प बसत. कारण होतं कॉयचा उजवा अंगठा. नख मधोमध दुभंगलेलं, काळपट, कासवाच्या पाठीसारखं फुगलेलं. कोरियाच्या युद्धात, भर बर्फात, एका चिनी शिपायाने रायफलीचा दस्ता उगारला, कॉयने तो हाताने अडवला आणि अंगठा चेचला गेला, ही गोष्ट गावातल्या पोराटोरांनाही पाठ होती. लहानपणी डेल्बर्टला चर्चमध्ये कंटाळा आला की तो बाबांचा अंगठा हातात घेऊन बसायचा. प्रवचन कितीही लांबलं तरी त्याला चालायचं. बाबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती, त्यांचा आवाजही नीट आठवत नव्हता, पण तो अंगठा मात्र त्याला डोळे मिटले की दिसे.

आणि यंदा मेमोरियल डेला, म्हणजे लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या दिवशी, कब्रस्तानात भाषण करायचा मान डेल्बर्टला मिळाला होता. विषय त्याने स्वतःच निवडला होता, बाबांचा अंगठा! नुसतं भाषण करून भागणार नव्हतं. बाबांनी कोरियात वाहिली तशीच एम-वन रायफल खांद्यावर घेऊन त्याला सलामीच्या पथकात चालायचं होतं.

अडचण एवढीच होती, की चांगली एम-वन घ्यायची तर बस विकावी लागली असती, आणि बस त्याची नव्हती.

म्हणून शनिवारी दोघं जत्रेच्या मैदानावरच्या बंदुकांच्या बाजारात गेले. अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर, वाळवलेल्या मांसाच्या पाकिटांशेजारी ती पडली होती. नखशिखांत ग्रीसमध्ये बुडालेली. मागे दाढीवाला विक्रेता मक्याचं कणीस खात बसला होता.

"सुट्या भागांतून जोडलीय," त्याने आधीच सांगून टाकलं. "नळी डेन्मार्कच्या लष्कराच्या कोठारातली. बोल्ट इटलीचा. लाकूड ग्रीस देशातलं. मधला सांगाडा इथलाच, नवा. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे अख्ख्या युरोपने टाकून दिलेलं भंगार!" लायल म्हणाला.

डेल्बर्टने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याने रायफल उचलली, एक डोळा मिटून नळीतून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. लाकडावर टिचक्या मारल्या. शेवटी नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"कलिंगड घेताय का, दाजी?" लायलने विचारलं.

पण डेल्बर्ट वास घेऊन तिथेच थबकला होता. त्या ग्रीसचा वास! लहानपणी त्यांच्या घरातलं सगळं लष्कराच्या जुन्या सामानाच्या दुकानातून यायचं. तंबू, पाण्याच्या बाटल्या, खरबरीत कांबळी, एकदा तर शाळेचे बूटसुद्धा. पोरं हसायची. पण उन्हाळ्यात नदीकाठी तो तंबू लागला, बाबांनी डब्यातल्या राजम्याखाली जाळ केला आणि तंबू तापून हा वास सुटला, की जगात डेल्बर्टएवढा सुखी प्राणी दुसरा नसायचा.

"घेतली!" तो म्हणाला. घासाघीसही केली नाही. लायलने कपाळावर हात मारून घेतला.

आता जुन्या लष्करी रायफलीचं ग्रीस काढणं हे आमच्याकडे एक शास्त्र आहे. शहाणी माणसं लाकूड काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवतात आणि वितळलेलं ग्रीस रोज पुसून काढतात. त्याला ऊन लागतं आणि धीर लागतो. आभाळ भरलेलं होतं, मेमोरियल डे सोमवारवर आला होता आणि डेल्बर्टकडे धीर कधीच नव्हता. त्याच्याकडे ओव्हन होता.

त्याची बायको नेडा चर्चमध्ये फुलांच्या माळा करायला गेली होती. सोमवारी कब्रस्तानात होणाऱ्या गावजेवणासाठी केलेले तिचे रुबार्बचे पाय, म्हणजे आंबटगोड सारण भरून भाजलेले गोल पदार्थ, शेगडीवर ओळीने निवत ठेवलेले. डेल्बर्टने लाकूड ओव्हनमध्ये तिरकं बसवलं, आच अगदी मंद ठेवली आणि भाषणाचा सराव करायला आरशासमोर उभा राहिला. "माझ्या वडिलांचा अंगठा..." असं म्हणून तो हात उंच करायचा आणि स्वतःचेच डोळे पाणावलेले बघून खूश व्हायचा.

तेवढ्यात शेजारच्या बाईला हॅचरांच्या खिडकीतून काळा धूर येताना दिसला. तिने अग्निशमन दलाला फोन केला. आमचं दल म्हणजे हौशी गावकऱ्यांचं, आणि बंबावर सर्वांत पुढे कोण? लायल! भोंगा वाजवत बंब आला, लायल हेल्मेट घालून स्वयंपाकघरात घुसला, ओव्हन उघडला आणि आत पाहून मागे वळला.

"भाजायला काय ठेवलंय, दाजी? ग्रीस की इटली?"

"लाकूड शाबूत आहे ना?" डेल्बर्ट किंचाळला.

लाकूड शाबूत होतं. उलट ग्रीस गळून गेल्यावर ते असं काही उजळलं होतं, की दलातले सगळे बघत राहिले. शाबूत नव्हते ते रुबार्बचे पाय. नेडाने घरी येऊन एका पायचा तुकडा तोंडात घातला आणि शांतपणे बशी खाली ठेवली.

"डेल्बर्ट, माझ्या पायला तंबूचा वास येतोय."

"हो ना?" डेल्बर्ट हरखून म्हणाला. "मलाही लगेच बाबांची आठवण झाली!"

त्या रविवारी हॅचरांच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही. डेल्बर्टने पडवीत बसून रायफल जोडली. मोडक्यातोडक्या भागांची, चार देशांची, पण जोडून झाल्यावर एकाच घरात वाढल्यासारखी दिसत होती. दुपारी लायल बघायला आला. अर्थात येताना सोडा आणि हसायची तयारी घेऊनच.

"आता बघ!" डेल्बर्ट म्हणाला. रायफल रिकामी होती, बोल्ट मागे ओढून अडकवलेला. "कोरियात बाबा अशी भरायचे! गोळ्यांचा गठ्ठा वरून असा अंगठ्याने दाबायचा..."

"दाजी, दुसऱ्या हाताने तो दांडा धरा आधी. बोल्ट..."

"मला शिकवतोस? कॉय हॅचरच्या मुलाला?"

आणि त्याने रिकाम्या खाचेतली पट्टी अंगठ्याने दाबली. इटलीचा बोल्ट सुटला. खाट्!

डेल्बर्टची बोंब नदीपलीकडे ऐकू गेली असं लोक अजून सांगतात. नेडा अबोला सोडून धावत आली. लायलने बोल्ट मागे ओढून अंगठा सोडवला, बर्फ बांधला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात बाकावर बर्ल मेट्झ बसला होता. नव्वदी ओलांडलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. कोरियाला जाऊन आलेल्यांपैकी गावात उरलेला तोच एक. त्याने डेल्बर्टचा हात ओढून घेतला, बर्फ बाजूला केला आणि अंगठा बघून त्याचा चेहरा एकदम खुलला.

"एम-वन!" तो म्हणाला. "पोरा, कुठे मिळाली तुला?"

"तुम्हाला कसं कळलं, बर्लकाका?"

बर्लने स्वतःचा उजवा अंगठा वर केला. नख मधोमध दुभंगलेलं, काळपट, कासवाच्या पाठीसारखं.

"आमच्या तुकडीत निम्म्यांचा असा होता. त्या रायफलीची खोडच ती! हात जरा चुकला की बोल्ट अंगठ्यावर. तुझ्या बापाचा तर माझ्यादेखत गेला. इथल्याच जॉर्जिया राज्यातल्या प्रशिक्षणाच्या तळावर, पहिल्याच आठवड्यात! असा नाचला होता कॉय!"

"जॉर्जियात?" डेल्बर्टने हात मागे ओढून घेतला. "मग तो चिनी?"

"जॉर्जियात कुठला आलाय चिनी?" बर्ल म्हणाला आणि इतका हसला, की नाकातली नळी निघाली आणि नर्सला धावत यावं लागलं.

घरी जाताना गाडीत लायलने एकही विनोद केला नाही. डेल्बर्टला तेच जास्त लागलं. अंगठा ठणकत होता, पण दुखत होतं ते दुसरंच. लहानपणी चर्चमध्ये हातात धरून बसलो तो अंगठा खोटा होता? आणि उद्या सगळ्या गावासमोर उभं राहून काय सांगायचं? खरं सांगावं तर बाबांचं हसं, खोटं सांगावं तर बर्ल पहिल्या रांगेत!

"टेकडीवर घे," तो म्हणाला. "आईकडे."

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात इर्मा हॅचर खिडकीशी बसून मसालेदार मांस भरलेला पेपरोनी रोल खात होती. तिला काल काय झालं ते आठवत नसे, पण त्याआधीचं सगळं लख्ख आठवे. तिने मुलाच्या हाताचं भलंमोठं बँडेज बघितलं.

"तुलाही चावली का ती?" ती म्हणाली.

डेल्बर्ट खाली बसला. "आई, तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला? दुसऱ्यांदा फिरायला गेलो तेव्हाच सांगितलं त्याने. गावाला चिनी शिपाई सांगितला, मला खरं सांगितलं. म्हणून तर केलं त्याच्याशी लग्न."

"पण खोटं का बोलले गं बाबा? सगळ्यांशी? माझ्याशीसुद्धा?"

इर्माने रोल खाली ठेवला आणि त्याचा दुखरा हात अलगद मांडीवर घेतला.

"परत आला तेव्हा जो तो विचारायचा, कॉय, तिकडे काय झालं? काय काय पाहिलंस? जे पाहिलं होतं ते त्याला सांगता येत नव्हतं, डेल्बर्ट. एकदा माझ्यापाशी सुरुवात केली आणि निम्म्यातच उठून परसात गेला. लोकांना काहीतरी द्यायला तर हवंच ना? म्हणून अंगठा दाखवायचा. अंगठा बघितला की लोक पुढचं विचारत नसत."

म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून डेल्बर्ट लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग नाक आक्रसलं.

"तुला तंबूचा वास का येतोय रे?"

सोमवारी सगळं गाव कब्रस्तानात जमलं. थडग्याथडग्यावर छोटी निशाणं फडफडत होती. बँडेजमुळे डेल्बर्टला रायफल धरता येईना, तेव्हा सलामीच्या पथकात ती लायलच्या खांद्यावर होती. नेडाने इर्माला चाकाच्या खुर्चीतून आणून बर्लशेजारी बसवलं होतं. दोघं काहीतरी कुजबुजून हसत होती.

डेल्बर्ट उभा राहिला. खिशातलं भाषण काढलंच नाही.

"माझ्या वडिलांचा अंगठा..." तो म्हणाला आणि सवयीने हात उंच केला. बँडेजमधून पांढऱ्या भोपळ्याएवढा अंगठा आभाळाकडे उभा राहिला. त्याच्याकडे बघत तो तसाच उभा राहिला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बर्लने आपला दुभंगलेला अंगठा वर केला. अगदी ताठ! ते बघून इर्माने आपला केला. मागच्यांना काय कळलं देव जाणे, त्यांना वाटलं यंदा सलामीची हीच पद्धत आहे. पाद्रीबाबांनी अंगठा वर केला, बँडवाल्यांनी केला, अग्निशमन दलाने केला. बघता बघता सगळ्या कब्रस्तानात अंगठेच अंगठे! नेडानेसुद्धा केला, जरा अनिच्छेने. कॉय हॅचरच्या थडग्यासमोर सगळं गाव अंगठे उभारून गंभीर चेहऱ्याने उभं होतं आणि कोणालाही ठाऊक नव्हतं, कशासाठी.

डेल्बर्ट डोळे पुसून खाली बसला. गावातलं आजवरचं सर्वांत छोटं भाषण ते, आणि लोक म्हणतात, सर्वांत चांगलंही.

परतताना लायल रायफल खांद्यावर घेऊन त्याच्या शेजारून चालत होता. त्याने हळूच विचारलं,

"दाजी, आता खरं सांगा. एवढी तपासलीत, भाजलीत, जोडलीत. अस्सल आहे की भंगार?"

डेल्बर्टने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"अस्सल आहे," तो म्हणाला. "बाबांना चावली होती, तशीच चावते."