पंधराशे दहा पावलं

आमच्या नालवाडीत एखाद्या पाहुण्यानं पत्ता विचारला, तर लोक 'सरळ जा आणि डावीकडे वळा' असं सांगतात. ताकसांडे काकाजी असं सांगत नाहीत. ते पाहुण्याकडे वरून खालपर्यंत बघतात, त्याच्या पायांची लांबी नजरेनं जोखतात आणि म्हणतात, "माह्या पायानं तीनशे बारा. तुह्या पायानं साडेतीनशेक होतीन. पण 'साडेतीनशेक' हे अंदाजपंचे झालं. थांब जरा." मग स्वतः पुढे चालत, मोजत, त्याला दारापर्यंत नेऊन सोडतात. घरमालक पाहुण्याला 'या' म्हणायच्या आत हे म्हणतात, "तीनशे बारा. पाह्य, एकही जास्त नाई."

काकाजी मोजणी खात्यात होते. सारी नोकरी वर्धा जिल्ह्यातली वावरं मोजण्यात गेली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकमेकांच्या जिवावर उठलेले भाऊ आणि त्यांच्या मधोमध साखळी घेऊन उभे असलेले काकाजी, असं त्यांचं आयुष्य. 'अंदाजपंचे' ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शिवी. पाच मिनिटांत येतो म्हणणारा माणूस अंदाजपंचे. चिमूटभर मीठ म्हणणारी माझी बायको अंदाजपंचे. माझ्यावर तर त्यांचा खास राग, कारण मी शेजारी राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. "गणिताचा मास्तर अन् घरापासून शाळा किती पावलं माहीत नाई! काय शिकवून राह्यला तू पोट्ट्याईले?" मला खरंच माहीत नाही. ते माहीत असण्याची मला गरजही नाही. हे मी त्यांना बारा वर्षं सांगतो आहे.

त्यांच्या मते मोजणीवाल्याचं पाऊल ठरलेलं असतं, अडीच फूट. त्याला ते सरकारी पाऊल म्हणतात. रोज सकाळी ते वस्तीबाहेरच्या शेतरस्त्यानं पुलियापर्यंत जात. नाल्यावरचा छोटासा पूल, बसण्याजोगा बुटका कठडा आणि बाजूला एक पळस, एवढंच तिथं आहे. काकू होत्या तोवर दोघं जायची. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून ते एकटे जाऊ लागले. घराच्या फाटकापासून त्या कठड्यापर्यंत पंधराशे दहा पावलं. हा आकडा आमच्या गल्लीत माझ्या फोन नंबरपेक्षा जास्त लोकांना पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी दाढी करत असताना काकाजी खिडकीत उभे राहिले.

"मास्तर, रस्ता वाढला."

"कोणता रस्ता?"

"पुलियाचा. सोळाशे चाळीस झाला. मांगच्या आठवड्यात सोळाशे वीस होता."

"काकाजी, रस्ता कसा वाढेल?"

"तेच त म्हणून राह्यलो! काऊन वाढला? कोनाच्या परवानगीनं वाढला?"

त्यांचा डावा गुडघा, म्हणजे आमच्याकडे टोंगळा, वर्षभर कुरकुरत होता. खुर्चीतून उठताना ते 'अरे बापा' म्हणत आणि चालताना डावा पाय ओढत. पाय आखडला की पाऊल लहान पडतं, पाऊल लहान पडलं की आकडा वाढतो. माझ्या सहावीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही हे कळलं असतं. काकाजींना कळेना. डांबर टाकताना ठेकेदारानं वळण लांबवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला. 'विषय: सार्वजनिक रस्ता विनापरवाना लांब झाल्याबाबत.' सरपंचबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. चहा घेऊन ते तडक माझ्याकडे आले आणि तासभर पंचायतीचा उद्धार केला.

आकडा अठराशे नव्वदवर गेला, तेव्हा रविवारी सकाळी ते टेप घेऊन माझ्या दारात हजर झाले. "धर टोक."

आठवड्यातला माझा एकुलता एक सुट्टीचा दिवस. मी टोक धरलं. वाकलो, उठलो, पुढे गेलो, पुन्हा वाकलो. माझ्या वर्गातल्या दोघी मुली सायकलवरून जाताना थांबल्या आणि "सर, इथं प्लॉट घेता काय?" म्हणून विचारून गेल्या. शेवटी टेपनं निकाल दिला: तीन हजार वीस फूट. पंधराशे दहा सरकारी पावलांचे होतात त्याहून कमीच; रस्ता वाढलेला नव्हता.

माझी कंबर धरली होती आणि डोकं तापलं होतं. मी मोबाइल काढून भागाकार केला. "काकाजी, तीन हजार वीसला अडीचनं भागा. बाराशे आठ येतात. म्हणजे सरकारी पावलानं बाराशे आठच व्हायला हवीत. तुमची ती पंधराशे दहा पहिल्यापासून चूक आहे. टोंगळा धडधाकट होता तेव्हापासून! तुमचं पाऊल अडीच फूट नाहीच, दोन फूट आहे."

आता हे मला नाल्यात ढकलतील असं वाटलं. पण त्यांनी पळसाकडे तोंड फिरवलं. मग "तुह्या मोबाइलले चुलीत घाल" म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

रस्ता निर्दोष सुटला, तेव्हा टोंगळ्याकडे बघणं भाग पडलं. त्यांची मुलगी सुजाता पुण्याला असते. ती फोनवरून रोज सांगायची, बाबा, ऑपरेशन करून घ्या. काकाजी फोन ठेवून मला सुनवायचे, जणू मीच तिला शिकवून ठेवलं होतं. "हाड कापून लोखंड बसवाचं म्हणते. मी काय वखर आहो?" त्यांनी रुईची पानं गरम करून बांधली, तेलं चोळली, पट्टा लावून पाहिला. सुजातानं घरात चालायचं यंत्र घेऊन देते म्हटल्यावर तर ते उखडलेच. "जागच्या जागी चालाचं? मंग पोचाचं कुठी?"

मग एका सकाळी ते दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून परत आले. फाटकापाशी उतरले. मी धावलो. नेहमीसारखे ओरडतील म्हणून वाट बघितली, पण ओरडले नाहीत.

"हजारावर बसलो, मास्तर. रस्त्यातच बसलो. पुलिया दिसून राह्यली होती समोर. दिसून राह्यली होती अन् जाता नाई आलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. पायरी चढताना त्यांनी माझा खांदा धरला. "उद्या सुट्टी टाक. दवाखान्यात जाचं आहे."

दवाखान्यात जाईपर्यंत राग परत आला होता. डॉक्टर तरुण आणि अतिशय शांत. त्यांनी फोटो दाखवून सगळं समजावलं. काकाजींनी एकच विचारलं, "नव्या टोंगळ्यानं पाऊल किती इंचाचं पडन?"

"काका, तुम्ही छान चालाल."

"छान म्हणजे किती?"

"ते आत्ताच नेमकं नाही सांगता येणार."

"म्हणजे अंदाजपंचे," काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले. मी छताकडे बघितलं.

डॉक्टर हसले. "बरं, तुम्हाला कुठवर चालायचं आहे ते सांगा."

"पंधराशे दहा."

"मीटर?"

"पावलं. एक कमी नाई, एक जास्त नाई. लिहून ठेवा."

डॉक्टरांनी खरंच लिहिलं. आजवर कुणी त्यांच्याशी इतक्या सभ्यपणे वागलं नव्हतं, त्यामुळे काकाजींनी तिथल्या तिथे सही केली.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर झाला तो आमचा छळ. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तर त्यांनी व्हरांडा मोजला आणि वॉकरचं पाऊल धरायचं की माणसाचं, यावर नर्सशी वाद घातला. व्यायाम घेणारी मुलगी कौतुकानं म्हणाली, "आज नव्वद अंश वाकला हं, आजोबा!" काकाजींनी उशीखालून पितळी कोनमापक काढला. "अठ्ठ्याऐंशी." तिनं तो हातात घेऊन स्वतः तपासलं आणि म्हणाली, "खरंच की, अठ्ठ्याऐंशी. उद्या दोन अंश जास्तीचे घेते तुमच्याकडून." त्या दिवसापासून जगात ती एकटीच शहाणी. "ते पोट्टी मोजून बोलते," असं ते मला ऐकवत.

घरी आल्यावर मांडी घालायला बंदी, जमिनीवर बसायला बंदी. रविवारी विहारात वंदनेला सगळे खाली बसायचे आणि हे मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. "मी काय पाहुणा आहो?" म्हणून धुसफुसायचे. सुजाता महिनाभर राहून गेली. मग सकाळ-संध्याकाळ ही कामगिरी माझ्याकडे आली. आधी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, वॉकर सुटला, काठी सुटली. तीन महिन्यांनी एका सकाळी ते एकटे पुलियापर्यंत जाऊन आले. मी खिडकीतून बघत होतो. ताठ, झपझप, डावा पाय कुठला ते ओळखू येऊ नये असं चालत होते. माझ्या बायकोनं आनंदानं तर्रीपोहे केले.

काकाजी आले ते भडकूनच. "बाराशे चाळीस!"

"अरे वा! म्हणजे जवळपास सरकारी पाऊल पडायला लागलं."

"मले नाई पाह्यजे सरकारी पाऊल! पंधराशे दहा सांगतलं होतं. डाक्टरनं लिहून घेतलं होतं. तू साक्षीदार आहे. चाल, तक्रार कराची आहे."

माझा तोल गेला. नवीन गुडघ्यानं नीट चालता येत नाही अशी तक्रार मी समजू शकतो. फार चांगलं चालता येतं म्हणून तक्रार? दोन महिने या माणसाचा वॉकर धरून फिरलो, ते हे ऐकायला? मी बरंच काही बोललो. शेवटी म्हणालो, "उद्या मी सोबत येतो. मी मोजतो. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

दुसऱ्या दिवशी निघालो. काकाजी रस्त्याच्या उजव्या कडेनं चालू लागले. पावलं मुद्दाम आखडून टाकत होते. नवा पाय लांब पडायला बघायचा आणि ते त्याला ओढून जवळ घ्यायचे. मी त्यांच्या डाव्या हाताला जागा होती तिथं जाऊन चालू लागलो, तर त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "मांगून चाल."

अर्ध्या वाटेवर एका बाभळीखाली ते थांबले.

"दुखतंय?"

"नाई."

"मग का थांबलात?"

"इथी तुही काकू रोज दम घे."

काकाजी पुढे शेताकडे बघत बोलत होते. "लगन झालं तवा मी अडीच फुटानंच चालो. ती मांगं राहे. धावत यावं लागे तिले. एक दिवस म्हणाली, तुम्ही वावर मोजाले निंघाले का माह्यासंगं फिराले? तवापासून पाऊल तोडलं. ड्युटीवर सरकारी अन् तिच्यासंगं दोन फूट. ती गेली तरी पाऊल तेच राह्यलं. पंधराशे दहा आमचं दोघाईचं आहे, मास्तर. चुकलेलं नाई."

पुलियावरचा तो माझा भागाकार मला आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

"जुना टोंगळा दुखे, पण तिच्यासंगं चाललेला होता." त्यांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "याले ती माहीतच नाई. एकटाच पुढं पळून राह्यला. शिकवा लागन त्याले."

आम्ही निघालो. मीही पाऊल आखडून त्यांच्या मागे चालत राहिलो. पुलियाशी पोचल्यावर ते कठड्यावर बसले, उजव्या टोकाला. मी एक माणूस बसेल एवढी जागा मधे सोडून डाव्या टोकाला बसलो. त्यांनी त्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि घसा खाकरला.

"पंधराशे सोळा," ते चिडून म्हणाले. "सहा जास्त झाले. तू बोलत राह्यला म्हणून. उद्या येजो, पण मुकाट्यानं."