दसरूभाऊचा आडोसा

होळी पेटली की आमच्या गावचा दसरूभाऊ माणसांना राम राम करणं बंद करतो. समोर कोणी आला की तो आधी त्याच्या मानेला उलटा हात लावतो आणि विचारतो, "मुतला का गा?"

हे तो सगळ्यांना विचारतो. सरपंचाला, बँकेच्या साहेबाला, देवळातल्या महाराजांना. वयाने मोठा असेल तर "लघवी झाली का वो दादा?" असं अदबीनं. मृगाचा पाऊस पडेपर्यंत हा प्रश्न चालतो, आणि हल्ली पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसल्यामुळे प्रश्नही लांबत चालला आहे. पूर्वी अंग भाजणारं ऊन म्हणजे नवतप्याचे नऊ दिवस. आता फाल्गुनातच अंगण पोळायला लागतं, रात्री भिंतींना पाठ टेकवत नाही आणि तलावाचं पाणी चैत्रातच मधल्या डबक्यापुरतं उरतं.

एकदा शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले. अर्जुनी मोरगावच्या स्टँडवरून भर दुपारी फटफटीवर आलेला नवरा मुलगा पोह्यांची वाट पाहत बसला होता. दसरूभाऊ दारातून आत आला, मुलाच्या मानेला हात लावला आणि प्रश्न टाकला. मुलीचा बाप खाली पाहू लागला. मुलगा साधा होता, खरं बोलून गेला, की सकाळपासून नाही. दसरूभाऊने पोहे मागे पाठवले. पन्ह्याचे लोटे मागवले. मुलाला शेवटी परसात जावं लागलं, तोवर पाहण्याचा कार्यक्रम थांबला. सोयरीक जुळली, पण जावई अजूनही उन्हाळ्यात सासुरवाडीला येत नाही.

दसरूभाऊचं दुसरं वेड लग्नांचं. आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यातच. शेतात काम नसतं, म्हणून वैशाखात लग्न आणि तेही भर दुपारी. आधी जांभळीच्या ओल्या डहाळ्यांचा मांडव असायचा, त्याखाली जीव राहायचा. आता गावोगावी टिनाचे शेड झाले. दसरूभाऊ त्यांना तवा म्हणतो. मोबाइलवर संदेश येतो, दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. त्याच मोबाइलवर पत्रिका येते, शुभमुहूर्त बारा वाजून पस्तीस मिनिटे. आम्ही दोन्ही वाचतो आणि पत्रिकेचं ऐकतो.

अशा प्रत्येक लग्नात दसरूभाऊ आमंत्रण असो नसो हजर. सायकलला चार बांबू बांधलेले, मागे जुन्या लुगड्यांचं गाठोडं. वधूवरांकडे न बघता तो शेडमागे जातो, बांबू रोवतो, लुगडी गुंडाळून बायकांसाठी आडोसा उभा करतो. आत पाण्याची बादली आणि मग ठेवतो. एवढ्यावर थांबला असता तर लोकांनी सहन केलं असतं. पण पाहुण्या बायकांना हे कळणार कसं? म्हणून तो माईक मागतो. एकदा तर मंगलाष्टकं चालू असताना त्याने भटजींच्या हातातून माईक घेतला आणि सांगितलं, "बायांसाठी मांगं आडोसा केला हाये. पोटभर पाणी प्या. लाजू नका, बाप्पा."

वराच्या मामाने त्याची कॉलर धरली. भटजी म्हणाले, सावधान म्हणायचं राहिलं. पोरं तेव्हापासून त्याला मुतारी म्हणतात. तो ओ देतो.

पण त्या दिवशी, आणि नंतर प्रत्येक लग्नात, त्या लुगड्यांमागे बायकांची रांग लागते. हे कोणी बोलत नाही. त्या बायका घरी जाऊन त्याची नक्कल करतात, तेही मी पाहिलं आहे.

लोक सांगतात की बायको गेल्यावर दसरू भ्रमला. ती कशी गेली तेही सांगतात. तिला सोमवारचा उपास होता, उपाशीपोटी ऊन लागलं, नशीब. उपासाची गोष्ट गावात मी सांगितली. ती खोटी आहे. त्या दिवशी सकाळी तिने माझ्याच अंगणात इतर बायकांबरोबर बसून भात-वरण खाल्लं होतं.

माझ्या धाकट्या मुलाची वरात देवरीकडच्या एका गावाला निघाली होती. आम्ही चार कर्ते पुरुष एसी जीपमध्ये. बाया मागे पिकअपमध्ये, वर ताडपत्री. दसरूभाऊ वाजंत्र्यांबरोबर आधीच पुढे गेला होता. बायांच्या गाडीत मी पाण्याच्या कॅनी ठेवल्या होत्या आणि त्याचा मला अभिमान होता. संध्याकाळी त्या कॅनी तशाच भरलेल्या परत आल्या. बाया पाणी पीत नव्हत्या. प्यायलं तर उतरावं लागेल, आणि पुरुषांच्या वरातीत उतरायचं कुठे? हे माझ्या बायकोला ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

मुहूर्त टळू नये म्हणून आम्ही आपणहून कुठेच थांबलो नाही. तिथे पोचलो आणि पोरं डीजेपुढे नाचायला लागली. नाचता नाचता मुहूर्त टळून गेला, तरी कोणाचं काही बिघडलं नाही. दसरूभाऊची कौसल्या तेव्हा टिनाखाली भिंतीला टेकून बसली होती. घाम आटला होता, असंबद्ध बोलत होती. बायांना वाटलं, चक्कर आहे. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली.

दसरूभाऊचं म्हणणं एकच. ती लाजरी होती, कोणाला म्हणाली नसेल. आपण तिच्याजवळ असतो आणि एकदा विचारलं असतं, तर वाचली असती. म्हणून तो विचारत सुटला. आणि मी ओट्यावर बसून त्याला हसणाऱ्यांत हसत राहिलो.

यंदा एका दुपारी लाइन गेली. कूलर बंद पडला. बायको आणि मुलगा-सून गोंदियाला गेले होते, घरात मी एकटा. पाण्याचा माठ चार पावलांवर, पण उठावंसं वाटेना. दसरूभाऊ फेरीवर आला. मानेला हात लावून त्याने प्रश्न विचारला आणि मला उत्तर सुचेना, जीभ टाळ्याला चिकटली होती.

त्याने माझं धोतर सोडून माठात बुडवलं आणि मला ओल्या धोतरात गुंडाळलं. सुपाने वारा घातला. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहिला, मी तोंड फिरवलं तर शिव्या देऊन. ऊन कलल्यावर त्याच्या खांद्याला धरून मी परसाच्या कोपऱ्यात गेलो. तो पाठ करून उभा राहिला. परत फिरलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद होता.

"झाली," तो गल्लीत जाणाऱ्या माणसाला ओरडून म्हणाला. "दादाची झाली."

मग तो खाटेशी बसून धोतर पिळू लागला, आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, उपासाचं खोटं आहे. रेल्वे फाटकापाशी गाड्या अडल्या होत्या, तेव्हा कौसल्या उतरून माझ्या खिडकीशी आली होती. गाडी थांबवायला सांगत होती. मी नाही म्हटलं.

मला वाटलं, आता तो मारेल. मारावं, असंही वाटलं. त्याने धोतर खाली ठेवलं.

"बोलली?" तो म्हणाला. "तोंडानं बोलली?"

"हो."

"तुमाले? सगळ्या माणसांमंधी?"

मी मान हलवली.

"मले वाटे, लाजून मेली," तो म्हणाला. "मी आतापावतर तिलेच बोलून राहिलो होतो मनात. का व, तोंड नव्हतं का तुले." तो थोडा पुढे सरकला. "काय बोलली? तिच्यासारखंच सांगा."

मी आठवलं तसं सांगितलं. भाऊजी, पुढे नाल्यापाशी पळसाची झुडपं आहेत, तिथं जरा गाड्या थांबवा ना, बायांले उतरायचं आहे.

तो ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला.

"मंग? तुमी नाही म्हटल्यावर काय बोलली?"

"माहीत नाही. गार हवा जात होती म्हणून मी काच वर केली."

"काचेतून दिसली असन ना. ओठ कसे हालले?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी काहीतरी रचून सांगू शकलो असतो. तेवढी सवय मला होती.

"मी तिकडे पाहत नव्हतो, दसरू," मी म्हणालो. "फाटक उघडलं होतं."