खरी नक्कल

आमच्या टपाल कार्यालयात 'अवाच्य पत्ते विभाग' नावाचा एक विभाग आहे. ज्या पाकिटांवरचा पत्ता कोणालाही वाचता येत नाही, ती पाकिटं तिथे येतात. विभाग दोन माणसांचा. पत्ता वाचणाऱ्या मावशी आणि वाचलेल्या पत्त्यावर शिक्का मारणारा मी. मला कार्यालयात सगळे शिक्केवाला म्हणतात. माझं खरं नाव बहुधा पगारपत्रकात असावं.

मावशी पाकीट हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि सुरू व्हायच्या. "हे बघ, डिंक बाहेर आलाय म्हणजे घाईत आहे. वेलांट्या वर उडाल्यात म्हणजे चिडलाय. घाईत, चिडून माणूस पत्र कोणाला लिहितो? घरमालकाला! लिही, घरमालक, पाण्याच्या टाकीमागची गल्ली." आणि पत्र बिनचूक घरमालकाला पोचायचं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. खिडकीजवळची, एक हात मोडलेली खुर्ची त्यांची. त्यावरची उशी त्यांनी स्वतः शिवलेली. "निवृत्त होईन तर याच खुर्चीतून," हे त्या आठवड्यातून एकदा तरी बजावायच्या.

बजावण्याला कारण होतं. तपासणीच्या वेळी जी खुर्ची रिकामी आढळेल ते पद रिक्त समजावे, असा आमच्याकडे नियम आहे. आवक विभागातले एक लेखनिक शिंकायला म्हणून खिडकीपाशी गेले, ते अजून परत रुजू झालेले नाहीत. त्यामुळे मावशी पाणी प्यायला उठल्या तरी खुर्चीवर पर्स ठेवून उठायच्या.

अशात साहेब एका परिसंवादाला जाऊन आले आणि त्यांनी सभा बोलावली. "डोकं चालवण्याचे दिवस आता संपले," ते म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही, कारण ते दिवस आमच्याकडे सुरू कधी झाले होते हेच कोणाला आठवेना.

दुसऱ्या दिवशी एक अभियंता आला. हातात तारांची टोपी होती, म्हणून तो टोपीवाला. सोबत एक यंत्र होतं, साधारण शिवणयंत्राएवढं. ते त्याने एका लंगड्या स्टुलावर ठेवलं.

"हे साधं यंत्र नाही," तो म्हणाला. "मेंदूवर बेतलंय. आपल्याला वाटतं आपले डोळे बघतात. तसं नसतं. समोर काय असणार ते मेंदू आधीच ठरवून टाकतो, आणि मग डोळ्यांना नुसतं विचारतो, बरोबर ना?"

"म्हणजे आमच्या साहेबांसारखं," मावशी म्हणाल्या.

तीन आठवडे मावशी टोपी घालून पत्ते वाचत होत्या आणि त्यांच्या डोक्यात काय काय उजळतं ते यंत्र शिकत होतं. चौथ्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. यंत्रात उतरलेला मेंदू हा मूळ मेंदूबरहुकूम असल्याबद्दल साक्षांकन हवं होतं. मी खिशातून शिक्का काढला, दोनदा फुंकर घातली आणि यंत्राच्या पाठीवर मारला: खरी नक्कल. शिक्का छान उमटला. मला आपलं बरं वाटलं.

यंत्राने पहिल्या दिवशी साडेअकरापर्यंत दोनशे बारा पाकिटं वाचली. साहेब टाळ्या वाजवायला उभे राहिले, तेवढ्यात यंत्र थांबलं. आतून कागदाची पट्टी आली. तिच्यावर छापलं होतं: गॅस बंद केला का?

आम्ही सगळे पट्टीकडे बघत राहिलो. मावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"अहो, रोज साडेअकराला येतो तो विचार माझ्या डोक्यात. सव्वीस वर्षं येतोय मेला. ह्यांना फोन करते, हे म्हणतात बंद आहे, की मी लागते कामाला."

"मग तेवढा विचार काढून टाका की यंत्रातून," मी म्हणालो.

"तसं कापून काढता येत नाही," टोपीवाला म्हणाला. "मेंदूत सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. आत्ताच करून पाहिलं. गॅस काढला की वेलांट्या जातात."

साहेबांनी यावर रीतसर आदेश काढला. सदर यंत्रास निवांतपणे काम करता यावे याकरिता मावशींच्या घरचा गॅस बंद असल्याचे रोज साडेअकरा वाजता कळविण्यात यावे. काकांनीच फोन केला तर चालेल का, असं मी विचारलं. काका म्हणजे मावशींचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. "नवऱ्याचा शब्द पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. तेव्हा प्रभारी गॅस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली.

मी रोज अकरा वाजता मावशींच्या घरी जायचो. बटण डोळ्यांनी बघायचो, हाताने चाचपायचो, तीन प्रतींत अहवाल लिहायचो आणि यंत्राला फोन लावायचो. काका माणूस अगत्याचा. "आलास? बस, चहा टाकतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. आठ दिवस मी हातापाया पडून त्यांना थांबवलं.

नवव्या दिवशी घात झाला. मी पहिल्या प्रतीत 'बंद' लिहिलं, दुसऱ्या प्रतीत 'बंद' लिहिलं. तिसरी प्रत घेतली आणि कानावर फुर्र असा आवाज आला. काकांनी चहा टाकला होता.

"काका! अहो काय केलंत हे!"

"अरे, रोज कोरड्या तोंडाने जातोस. बरं दिसतं का ते?"

आता मी शिक्के मारतो, पण खोटं लिहीत नाही. तिसऱ्या प्रतीत मी 'चालू' असं लिहिलं. प्रतींमध्ये तफावत असल्यास शेवटची प्रत ग्राह्य, हा नियम मला पाठ आहे. मी फोन लावला आणि म्हणालो, "चालू आहे. वर आधण आहे."

पुढचं मला टोपीवाल्याने सांगितलं. यंत्र आधी थरथरलं. मग त्याने सपाटाच लावला. मेंदू समोर काय असणार ते आधी ठरवतो, आणि या मेंदूत त्या घडीला घराखेरीज दुसरं काही नव्हतं. साहजिकच त्याला प्रत्येक पाकिटावर घर दिसायला लागलं. पाणीपट्टीच्या नोटिसा, राजीनामे, विम्याची कागदपत्रं, कोणा मुलीचं अकरा पानी प्रेमपत्र, सगळ्यांवर एकच पत्ता पडत गेला: मावशींचं घर, दुसरा मजला. मध्येच पट्टी बाहेर आली: अगं बाई, घर गेलं!

मावशींना पक्कं ठाऊक होतं की हा आपलाच विचार आहे, आपल्याच डोक्यातून तिकडे गेलेला. पण स्वतःचाच विचार छापून समोर आला की माणूस जास्त घाबरतो. "हे खरंच विसरले असतील तर?" असं म्हणत त्या उठल्या आणि धावत सुटल्या. आणि त्या गडबडीत, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, पर्सही बरोबर घेऊन गेल्या.

एका दाराने मावशी बाहेर, दुसऱ्या दाराने तपासणी समिती आत. स्टूल लटपटत होतं. यंत्र पडू नये म्हणून टोपीवाल्याने ते उचलून जवळच्या रिकाम्या खुर्चीत ठेवलं. समितीने नोंद केली: खुर्ची भरलेली आहे. काम वेगाने सुरू आहे. उशीची व्यवस्था समाधानकारक.

चाळीस मिनिटांनी मावशी धापा टाकत परत आल्या. "बंद केला बाई एकदाचा," असं म्हणत वळल्या आणि खुर्चीकडे बघून जागीच थांबल्या. मीही मागोमाग पोचलो होतो. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

"माझी उशी तरी द्या," त्या हळूच म्हणाल्या. पण उशी यंत्राचा सुटा भाग म्हणून तोवर नोंदली गेली होती.

त्यांनी अर्ज केला. सुनावणी झाली. साहेबांनी निकाल उभं राहून वाचला. "पदाचे नाव आता 'मेंदूसदृश वाचक' असे आहे. अर्जदाराची तपासणी केली असता त्यांना मेंदू असल्याचे आढळून आले. मेंदूसदृश काही आढळून आले नाही. सबब अर्जदार अपात्र."

"अहो, पण त्याला जे काही येतं ते माझ्याकडूनच घेतलंय ना?" मावशींचा आवाज चढला. "ती नक्कल आहे माझी!"

"खरी नक्कल," साहेब म्हणाले. "तिच्यावर शिक्का आहे. तुमच्यावर आहे का कोणाचा?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. शिक्का माझ्या खिशातच होता. मी जमिनीकडे पाहिलं. फरशीला एक तडा गेलाय तिथे, तो मला अजून दिसतो. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

कार्यालय अगदीच निष्ठुर नाही. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांसाठी मावशींना 'निवासी गॅस निवेदक' हे पद देण्यात आलं. घरी थांबायचं आणि साडेअकराला यंत्राला फोन करून सांगायचं, बंद आहे. पदाला खुर्ची मंजूर नाही. ओट्याला टेकण्याची मुभा आहे.

गॅस चालू निघाला त्या दिवसापासून यंत्राच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जो पत्ता लागत नाही, तो मावशींच्या घरचा. रोज त्यांच्या दारात पोती यायला लागली. मावशी ओट्याला टेकून पाकीट उचलतात, चष्मा कपाळावर सरकवतात. "डाग कसला हा? औषधाचा. म्हणजे आजारी आहे, आणि लेकीला लिहितोय." खरा पत्ता लिहितात आणि काका ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतात. अवाच्य पत्त्यांचा शंभर टक्के निपटारा झाल्याबद्दल साहेबांना मानचिन्ह मिळालं. भाषणात त्यांनी मानवी हस्तक्षेप संपुष्टात आल्याचं आवर्जून सांगितलं. टाळ्या मीही वाजवल्या.

परवा रविवारी मावशींकडे गेलो होतो. "एक गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "साडेअकराला मला आता काही म्हणजे काही वाटत नाही. काळजी सगळी गेली त्याच्याकडे!" आणि इतक्या हसल्या की हातातलं पाकीट खाली पडलं. काका हसले, मीही हसलो. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माझी खिडकी तेवढी फार आठवते रे."

मला राहवेना. "मावशी, हात पुढे करा," म्हणालो आणि शिक्का काढून त्यांच्या मनगटावर मारला: खरी नक्कल.

त्यांनी तो उजेडात धरून वाचला. "छान. पण कोणाची?"

मी शिक्का पुसून परत खिशात ठेवला.

आता ही यंत्रणा सगळीकडे बसवली गेली आहे असं ऐकतो. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, तुम्ही जिथे बसता तिथेही असेलच. ती आपल्याकडून शिकते की आपण तिच्याकडून, हे टोपीवाल्यालाही नक्की सांगता येत नाही. म्हणून उगाच एक विचारतो. घरातून निघताना गॅस बंद केला होता ना?

केलाच असणार म्हणा. तुम्ही काय मावशी थोड्याच आहात. पण बटण फिरवल्याचं आठवतंय? आजचं, कालचं नव्हे. अहो, मग असे चुळबुळत कशाला बसताय, जाऊन बघून या की. जिन्यात तपासणीवाल्यांची पावलं वाजताहेत, पण त्याची काळजी करू नका. तुमच्या खुर्चीवर तोवर मी काहीतरी ठेवतो.