आहेरबाईंनी दिलेली नावं

आहेरबाईंच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्यांचे दोन डबे आहेत. एकावर चिठ्ठी, ‘पोह्यांचे शेंगदाणे’. दुसऱ्यावर, ‘चटणीचे शेंगदाणे’. शेंगदाणे एकाच पिशवीतले. बाई राहतात एकट्या.

पिंपळगावला द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही दोघं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचो. मी साहेब, त्या माझ्या हाताखाली. कॉम्प्युटरला नावाशी देणंघेणं नसतं. पेटीच्या वजनाला ‘क’ म्हणा नाहीतर ‘गणपत’. मी ‘क’ म्हणायचो. बाई ‘रिकाम्या पेटीचं वजन’ असं पूर्ण नाव द्यायच्या. शिवाय प्रत्येक भागाच्या डोक्यावर साध्या मराठीत दोन ओळी: हे कशासाठी, आणि बिघडलं तर आधी कुठं बघायचं.

“बाई, कादंबरी लिहिताय का?” मी सगळ्यांदेखत विचारायचो.

“सक्ती नाही, साहेब. पण नवीन माणसाला बरं पडतं.”

एकदा मी रजेवरून आलो, तर माझ्या प्रोग्राममधले सगळे क, ख, ग जाऊन तिथं बाईंची लांबलचक नावं बसलेली. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

पुढं दोघंही निवृत्त झालो. यंदा ऐन हंगामात वजनं चुकायला लागली. बाहेर टेम्पोंची रांग. नुकत्याच कामाला लागलेल्या रुबिनानं प्रोग्राम उघडला आणि चहा गार व्हायच्या आत चूक काढली. मालकांनी कौतुकानं मला बोलावून घेतलं. “साहेबांचा प्रोग्राम म्हणजे वाचला की कळतो,” म्हणाले आणि शाल उलगडली.

“थांबा,” मी म्हटलं. “वाचला की कळतो तो आहेरबाईंमुळं. माझा मलाच कळायचा नाही.”

लोक हसले. माझ्या डोक्यावरची भरलेली पेटी मात्र उतरली.

तसाच इंदिरानगरला बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

“तुमचा ‘क’ म्हणजे काय, हे शोधण्यात माझा पहिला हंगाम गेला,” त्या म्हणाल्या. “विचारायला कुणी नव्हतं. तुमची तर भीतीच वाटायची.”

“आणि आता?”

“आता गुडघा दुखतोय. चहा तुम्हीच टाका.”

त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो, पण एकदाही हाक मारावी लागली नाही. ‘चहाची साखर’. ‘आलं खालच्या टोपलीत’. फळीवर दोन कप होते. एकावरची ‘माझा’ ही पट्टी धुऊन धुऊन पुसट झालेली. दुसऱ्यावर ‘आलेल्या माणसाचा’. त्यावरची शाई जशीच्या तशी होती.

मी तो कप विसळून घेतला.